नऊ इंचांची भिंत

ताई, रामकृष्ण हरी.

मी सातारा जिल्ह्यातला शेतकरी, वय एकसष्ट. बावीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतो, गळ्यात माळ आहे. २००९ साली आम्हा दोघा भावांची वाटणी झाली आणि सोप्यातून अंगणापर्यंत मधोमध भिंत घातली. भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून लागलं, पुढं बायकांच्या बोलण्यावरून वाढलं. विहिरीचा दावा अजून कोर्टात आहे. मी थोरला, पण धाकट्यानं मान ठेवला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबीजेला आक्का येते, एका घरी ओवाळते आणि दुसऱ्या घरी ओवाळते, पण चहा कुणाकडंच घेत नाही.

आई शहाऐंशीची. पाडव्याला माझ्याकडं येते, दसऱ्याला त्याच्याकडं जाते. त्याचं दार मागच्या गल्लीला आहे, म्हणून खुर्चीत बसवून, मारुतीच्या देवळाला वळसा घालून न्यावं लागतं. माझ्याकडं तिची सेवा चोख असते. कपिलेचं दूध, वेळेवर औषध. आंघोळ घालायला एक बाई येतात. त्यांचा कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला आहे, त्यामुळं सोवळ्याचीही अडचण येत नाही.

यंदा वाखरीला तो दिसला. तो अकलूजपासून तुकोबांच्या पालखीत चालतो. आमच्यात वीस-पंचवीस हातांचं अंतर असेल. मी नजर फिरवली आणि शेजारच्या अनोळखी वारकऱ्याच्या पाया पडलो. तेव्हापासून झोप नाही. माझी बावीस वर्षांची वारी वाया गेली का? भिंत पाडावी म्हटलं, तर मी थोरला. मी आधी कसा जाऊ?

— एक वारकरी

*

माउली, रामकृष्ण हरी.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मी एक गणित केलं. भिंत साध्या विटांची असेल तर नऊ इंच जाडीची. त्या नऊ इंचांच्या पलीकडं जायला तुमची आई वर्षातून दोनदा गावाला वळसा घालते. खुर्ची उचलायला दोघं लागत असतील, एकजण पुढं कुत्री हाकलायला. वाटेत मारुतीच्या पारावर बसलेली माणसं उठून उभी राहत असतील, का मान खाली घालत असतील? आणि आई काय बघते हो त्या वाटेवर? ही वरात तिची एकटीचीच आहे. तुम्ही तिच्या सेवेबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि या वळशाबद्दल एकच. मला ती एक ओळ चारही ओळींपेक्षा जड वाटली.

वारी वाया गेली का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. त्याचा हिशेब माझ्याकडं नाही आणि तुमच्याकडंही नाही. पण एक सांगते. वाखरीला जे झालं ते वारी वाया गेल्याचं लक्षण नव्हे. बावीस वर्षांत असे प्रसंग आले असतील, नजर फिरली असेल आणि रात्री झोपही लागली असेल. यंदा लागली नाही. मला तरी यात काही वाईट दिसत नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडं येते. ती विहीर नाही, भावजयही नाही. पत्रात ‘मी थोरला’ दोनदा आलंय. तुमचं घोडं तिथं अडलंय.

चांगदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते आले आणि ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसले होते ती भिंतच चालू लागली. आळंदीत ती भिंत दाखवतात, तुम्ही हात लावून आला असाल. कीर्तनकार तिथं निर्जीव भिंत चालल्याचा चमत्कार रंगवतात आणि टाळ वाजतात. मला मात्र त्या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. ती भिंत चालली कशासाठी? कुणाला अडवायला नाही, पाडायला नाही. दारी आलेल्या पाहुण्याला सामोरं जायला चालली. यजमानानं चार पावलं पुढं जाऊन पाहुण्याला घ्यावं, ही आपल्याकडची साधी रीत. ज्ञानदेवांना खाली उतरायलाही वेळ नव्हता म्हणून भिंतीसकट गेले, इतकंच.

पण त्याआधीचा भाग तुमच्या कामाचा आहे. चांगदेवांनी भेटीआधी पत्र पाठवलं आणि ते कोरं होतं. कारण काय, तर मायना सुचेना. वयानं हा पोरगा, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं तर ज्ञानानं तो मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं तर आपण चौदाशे वर्षांचे. एवढा योगी मायन्यावर अडला! मुक्ताबाईनं तो कागद बघून म्हटलं म्हणतात, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं.

तुम्हीही २००९ पासून भावाला कोरा कागदच पाठवताय. रोज. अंगणात पाणी तापवताना, गुरं सोडताना, पलीकडून त्याच्या खोकण्याचा आवाज येतो तेव्हा. मायना सुचत नाही म्हणून आतला मजकूर पडून आहे.

थोरला आधी बोलला तर धाकटा होतो, असं आपल्याकडं कुणी शिकवलं मला कळत नाही. आमच्या घरीही हेच शिकवलं होतं, म्हणून थोडं माझं सांगते. माझ्या थोरल्या जावेशी मी नऊ वर्षं बोलत नव्हते. कारण पाटल्यांचं, सासूबाईंच्या. मला त्या मिळाल्या असत्या तरी मी घालणार नव्हते, एवढी बोजड घडण होती. एका श्रावणात मी डबा घेऊन गेले. दार उघडून त्या म्हणाल्या, “आता आठवण झाली होय?” आणि दार लावून घेतलं. मी डबा जिन्यात ठेवून आले. तीन दिवसांनी रिकामा डबा शेजारणीबरोबर परत आला, घासलेला, कोरडा. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. साखरही नव्हती. मी दोन महिने गप्प राहिले आणि पुन्हा गेले. त्या वेळी त्यांनी आत घेतलं. पाटल्यांचा विषय आजतागायत निघालेला नाही, निघणारही नाही. आम्ही बोलतो ते गुडघेदुखीबद्दल आणि नातवंडांबद्दल. तेवढ्यानं भागतं. हे सांगितलं ते अशासाठी, की तुम्ही गेलात आणि त्यानं दार लावून घेतलं तर ते शेवटचं समजू नका. बरीच वर्षं बंद राहिलेल्या दाराची बिजागरीही कुरकुरते.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडायचं नाही. पण तुम्ही मला ताई म्हणालात.

तुमच्या पत्रात गाईचं नाव आहे. कपिला. आईला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईंचं नाव नाही. त्यांचा कप मात्र आहे, पडवीच्या कोनाड्यात.

तुम्ही तो कप सेवेच्या यादीत लिहिलात, औषधाच्या शेजारी. म्हणजे तो तुम्हाला खुपत नाही. नऊ इंचांची भिंत बोचते, कारण तिच्या पलीकडं तुमचं रक्त आहे. कपाची भिंत मात्र तुम्हाला दिसतही नाही. अहो, ज्या हातांनी तुमच्या आईची पाठ चोळली जाते, नखं कापली जातात, लुगडं नेसवलं जातं, त्याच हातांचा कप इतर कपांत चालत नाही? आईच्या अंगाला चालणारे हात बशीला चालत नाहीत, हे कुठलं सोवळं? आणि वाटेवर तुम्ही दिसेल त्याच्या पाया पडता. वाल्ह्याच्या तळावर शेजारी पथारी टाकणाऱ्याला कुणी आडनाव विचारतं का? अठरा-वीस दिवस नाही विचारत. एकविसाव्या दिवशी घरी परतल्यावर कोनाडा आठवतो.

पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीला तुम्ही पाय न लावता आत जात असाल. तिथंच चोखोबांची समाधी आहे. ते गेले कसे, हे ठाऊक असेलच, तरी एकदा सावकाश आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. वेठीला महार मंडळी होती, त्यांत चोखोबा. भिंत कोसळली आणि ते खाली गाडले गेले. साल १३३८ मानतात. गावकूस म्हणजे काय? गाव आत आणि चोखोबांची वस्ती बाहेर ठेवणारी भिंत. जी आपल्याला बाहेर ठेवते तीच भिंत आपल्याच हातांनी बांधायची आणि तिच्याखालीच मरायचं. पुढं नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुणाची ओळखावीत? त्यांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती गोळा करून पंढरीला आणली, अशी कथा आहे. आत तर नेता येत नव्हती. म्हणून समाधी दारात झाली.

त्यानंतर काय झालं? पिढ्यान् पिढ्या लाखो वारकरी त्या समाधीला हात जोडून आत गेले आणि चोखोबांच्या जातीची माणसं समाधीपाशीच थांबली. अभंग म्हणायला बंदी नव्हती, समाधीला बंदी नव्हती, उंबरठ्याला होती. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मनं वळवायचा प्रयत्न केला आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षं होतात. भक्ती कमी पडली म्हणून एवढा काळ गेला, असं मला वाटत नाही. भक्ती उदंड होती. तो कोनाडा कुणाला खुपत नव्हता.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. माझ्या आजीच्या घरीही परसात एक पितळी तांब्या पालथा असायचा, कडेला चेपलेला. आम्ही मुलं त्याला ‘तो तांब्या’ म्हणायचो. कुणाचा, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मी वीस वर्षांची होईपर्यंत मला त्याचं काही वाटलं नाही. काही वाटत नव्हतं, हेच आता आठवतं आणि लाज वाटते.

तर काय करायचं. भावाकडं जाण्याआधी हे करा. उद्या सकाळी तो कप कोनाड्यातून काढा आणि घरातल्या कपांत मिसळून टाका. भाषण नको, बायकोला उपदेश नको आणि मुलानं फोटो काढून कुठं टाकायला नको. बाईंना नाव विचारून ‘अमुकताई, आत या, चहा घ्या’ म्हणा. त्या बहुतेक येणार नाहीत. “राहू द्या अण्णा, मला हितंच बरं,” म्हणतील. सवय काही एकाच बाजूला लागलेली नसते, आणि शिवाय त्यांना हा नवा प्रकार झेपेल का, उद्या परत कप कोनाड्यात जाईल का, हे बघायचं असणार. अशा वेळी आग्रह करून ओढू नका. तुमचा कप घ्या आणि पडवीत जाऊन त्यांच्याशेजारी बसा. चहा पिऊन होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. पगार वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, पण तो कामाचा. या गोष्टीची भरपाई म्हणून नको.

घरात कुरकुर होईल. आईही काही बोलेल कदाचित, शहाऐंशी वर्षांचं वळण आहे. तिच्याशी वाद घालू नका. तिला नुसतं विचारा, “आये, त्या आल्या नाहीत त्या दिवशी तुला कसं वाटतं?”

हे आधी का? कारण हे करायला भावाची संमती लागत नाही, कोर्टाची लागत नाही, मुहूर्त लागत नाही. ही भिंत सगळीच्या सगळी तुमच्या मालकीची आहे. आणि भावाच्या दारात तुम्ही जो माणूस म्हणून उभे राहाल, तो थोडा नमलेला असेल. थोरलेपण तिथं अर्धं उतरलेलं असेल.

मग भावाकडं जा. पंच नकोत, पाहुणे नकोत, आक्कालाही मध्ये घालू नका. तिनं चौदा-पंधरा भाऊबीजा बिनचहाच्या काढल्यात, तिला आणखी किती दमवणार? आणि मनात योजलं असेल की दसऱ्याला आपट्याचं सोनं घेऊन जाईन, तर तेही नको. सणाच्या दिवशी माणूस सणासाठी येतो, समोरच्यालाही तोंडदेखलं वागावं लागतं. साध्या दिवशी जा. मंगळवार-बुधवार. आणि गल्लीतून जा, मारुतीला वळसा घालून, ज्या वाटेनं आईची खुर्ची जाते त्याच वाटेनं. एकटे.

चूक कुणाची हे काढू नका. माफी मागावीशी वाटली तर मागा, पण तयार करून नेऊ नका. घोकलेली माफी लगेच कळते. विहिरीचा विषय काढूच नका. दावा चालतोय तर चालू द्या, वकिलांनाही पोरंबाळं आहेत. पाण्याची पाळी कोर्ट ठरवेल. तारखेला मात्र दोघांनी एकाच एसटीनं जायला कायद्याची आडकाठी नाही. माणसं समजतात की आधी दावा मिटला पाहिजे, मग बोलणं. मी उलटं झालेलं जास्त पाहिलंय.

आणि भिंत पाडू या, असंही म्हणू नका. हे वाचून तुम्ही दचकाल. पण वाटणी झाली यात पाप काही नाही. दोन संसार, दोन चुली, मुलांची लग्नं, सुना, त्यांना आपापली जागा हवी. एकत्र कुटुंबाच्या गोडव्याखाली किती बायकांची आयुष्यं करपली, ते मी शाळेत शिक्षिका होते तेव्हा पोरींच्या तोंडून ऐकलंय. भिंत राहू दे. तिच्यात दार पाडा.

भावाला म्हणायचं वाक्य मी सांगते, मायना न सुचण्याची सोय म्हणून. “आईला आता गल्लीतून उचलून न्यायचं नाही. सोप्यातल्या भिंतीत दार पाडू या.” एवढंच. भिंत सामाईक असल्यानं त्याचा होकार लागणारच आणि ती मला चांगलीच गोष्ट वाटते. तुम्हाला त्याच्याकडं काहीतरी मागायला जावं लागेल. थोरल्यानं धाकट्याकडं काही मागणं, यासारखं औषध नाही.

दाराला कडी लागेल. ती कुणाच्या बाजूला, हा प्रश्न गवंडी तुम्हाला विचारेलच, आणि तेव्हा गडबडू नका म्हणून आधीच लिहिते. ताटीचे अभंग तुम्हाला पाठ असतील. लोकांच्या टोचून बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेरून विनवत राहिली. ती ताटी बाहेरून मोडू शकली असती. काड्यांची तर होती, किती जोर लागला असता? पण तिनं ढकलली नाही. ती आतूनच उघडली पाहिजे, हे त्या पोरीला कळत होतं. म्हणून ती बोलत राहिली, उघडेपर्यंत.

तर कडी भावाच्या बाजूला लावा. तुमच्या बाजूला काही नको, साधी खिट्टीसुद्धा नाही. त्याला वाटेल तेव्हा तो उघडेल, रागावला तर लावून घेईल, आणि लावून घेईल काही वेळा, हे गृहीत धरा. त्या दिवशी इकडून हलकेच वाजवा आणि परत जा. तो म्हणेल, “दादा, कडी दोन्हीकडं लावू.” तेव्हा हसून नाही म्हणा. कुणाला तरी उघडं राहावं लागतं, आणि तुम्ही थोरले आहात.

दसऱ्याला अजून वेळ आहे, गवंड्याचं काम दोन-तीन दिवसांचं. वर लिंटेल टाकायला विसरू नका, नाहीतर विटा खचतील. आणि रुंदी साडेतीन फूट सांगा. गवंडी अडीच म्हणेल, तेवढ्यात आटपतं म्हणेल. अडीच फुटांतून खुर्ची जाते. आईची बाज जात नाही.